एकेचाळिसावा ठसा

सुखदेव निखाडे यांचं पत्र आलं तेव्हा मी पडवीत बसून जुन्या मासिकांची सूची करत होतो. पोस्टमननं पाकीट हातात दिलं आणि म्हणाला, "काका, आत खडाबिडा आहे की काय बघा." मी चाचपून पाहिलं. चिंचोक्याएवढं काहीतरी कडक लागलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, आणि पाकीट न उघडताच सूचीच्या वहीखाली सरकवलं.

संध्याकाळी उघडलं, वाचलं. पण उत्तर दिलं नाही. त्याला अकरा वर्षं झाली. मी एकतीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होतो. आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, हा नियम तिथं मीच घातला होता.

सुरुवात झाली ती बाबूराव नवगिऱ्यांच्या हत्यारांपासून. बाबूराव आमच्या वाचनालयाचे पुस्तकबांधणी करणारे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्यांच्यासारखी चामडी बांधणी करणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांच्याकडे पितळी ठशांचा एक संच होता. मुठीला लाकूड, टोकाला कोरलेलं पितळ. ठसा तापवायचा, सोनेरी वर्खावर दाबायचा, की चामड्यावर वेल उमटायची, कोयरी उमटायची. ते गेले तेव्हा हत्यारांची पेटी त्यांनी माझ्याकडे दिली. म्हणाले, "हेमलता मागेल तेव्हा द्या. मोडीत घालू देऊ नका."

हेमलता त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन तिकडे विदर्भात गेलेली. शहराचं नाव लिहीत नाही. त्या विमानतळावरची माणसं अजून तिथं असतील. एका मार्चमध्ये तिचा फोन आला.

"काका, मी बांधणीचं दुकान काढतेय. गुरुवारी उद्घाटन. बाबांची हत्यारं घेऊन तुम्हीच यायचं. विमानाचं तिकीट पाठवलंय."

"अगं, विमान कशाला? एसटीनं येतो की."

"तुमचा गुडघा काकूंनी सांगितलाय मला. आणि काका, पेटी हातातल्या पिशवीत घेऊ नका हं. आरी आहे, चामडं तासायचा चाकू आहे, ते काढून घेतील. मोठ्या बॅगेत घालून आत द्या."

फोन ठेवला आणि मनात धाक बसला. विमानाचा नव्हे. सामान आपल्या हातातून काढून कुणा अनोळखी माणसाच्या ताब्यात द्यायचं, याचा.

मी घाबरट माणूस आहे. भीती वाटली की वाचतो. वाचनालयात जाऊन तीन वर्षांची वर्तमानपत्रं चाळली आणि विमानातल्या सामानाच्या चोऱ्यांची कात्रणं काढली. आमच्या कुसुमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती जेवणाच्या ताटाशेजारी पसरलेली पाहिली.

"काय म्हणतात तुमची कात्रणं?"

"बॅग साधी, जुनी असावी. भारी दिसू नये. आत नावपत्त्याची चिठ्ठी ठेवावी. सामानाची यादी करावी. विमानतळ सोडायच्या आधी बॅग तपासावी. काही कमी असलं तर तिथल्या तिथं लेखी तक्रार द्यावी. घरी गेल्यावर कुणी विचारत नाही."

"मग करा तसं. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"कुलूप कुठलंही उघडतात म्हणे. चेनमध्ये पेनाचं टोक घालून चेन उसवतात आणि परत लावतात. कळतसुद्धा नाही."

कळतसुद्धा नाही, हेच मला सहन होईना. पुस्तक हरवलं तर निदान फळीवरची जागा रिकामी दिसते. म्हणून मी ठरवलं की बॅग अशी बांधायची की कुणी हात लावला तर कळलं पाहिजे. वाचनालयाची पार्सलं आम्ही पूर्वी मांजरपाटात शिवून, सांध्यावर लाख ओतून, शिक्का मारून पाठवत असू. लाख फुटली की पार्सल उघडलं, हे आंधळ्यालाही समजे. बाजारातून दोन मीटर मांजरपाट आणला, दाभण आणली. लाखेची कांडी जुन्या पेटीत होतीच.

कुसुम कापडाकडे बघून म्हणाली, "आणि शिक्का? वाचनालयाचा तर निवृत्तीच्या दिवशी परत करून आलात."

"बघू काहीतरी."

मंगळवारी दिवसभर यादी केली. नुसती नावं लिहून माझं समाधान होत नाही. प्रत्येक ठसा शाईच्या गादीवर टेकवला, कागदावर उमटवला, शेजारी क्रमांक घातला, टिक केली, मग शाई पुसून ठसा चिंधीत गुंडाळून पेटीत टाकला. एकेचाळीस ठसे, एक आरी, एक चाकू. यादी इतकी देखणी झाली की तिची दुसरी प्रत काढायचा मोह झाला.

बुधवारी सकाळी कापड शिवायला बसलो. टाके जवळजवळ घातले. कुसुम चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो, ही बॅग आहे की बोहल्यावर चढायची नवरी? साधी असावी म्हणत होतात ना?"

"सुरक्षित असावी, असं म्हणत होतो."

"हिला बघून ज्याच्या मनात चोरी नव्हती त्याच्याही मनात यायची."

पुण्याला जाणारी गाडी दारात येऊन हॉर्न वाजवू लागली. मी मेणबत्तीवर लाख धरली, सांध्यावर ओतली, घाईघाईनं शिक्का उमटवला. कुसुमनं पिशवी हातात दिली. "डबा वरच्या कप्प्यात आहे. आणि कुणी काही विचारलं तर तोंडातल्या तोंडात बोलू नका."

विमानात काय झालं ते आठवत नाही. खिडकीबाहेर मी पाहिलंच नाही. मनानं पायाखालच्या त्या बॅगेशेजारी बसून होतो.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहिलो. बॅगा येत होत्या, लोक उचलत होते. पट्टा एकदा मध्येच थांबला, पुन्हा चालू झाला. माझी बॅग येईना. मग ज्या भोकातून सामान बाहेर येतं तिथला रबरी पडदा सरकला आणि निळ्या गणवेशातला एक माणूस माझी बॅग छातीशी धरून बाहेर आला. चाळिशीचा असेल. कानामागे पेन्सिल.

"हे पांढऱ्या कापडाचं सामान कोणाचं आहे जी?"

"माझं."

"पट्ट्यात अटकली होती बाप्पा. कापड फसलं होतं रोलरमधे. मी हातानं सोडवली, म्हणून थोडं फाटलं. आतलं चांगलं असन पाहा."

मी बॅग घेतली. शिवण चार बोटं उसवली होती. त्या जागी बॅगेची चेनही अर्धवट उघडी होती. आणि लाख फुटली होती. अर्धी कापडाला चिकटलेली, अर्धी गायब.

मी मनातल्या मनात कात्रण वाचलं: विमानतळ सोडायच्या आधी. तिथंच जमिनीवर मांडी घातली, कापड फाडलं, पेटी उघडली आणि यादी पुढ्यात घेऊन एकेक चिंधी सोडत मोजायला लागलो. लोक वळसा घालून जात होते. एरवी एवढ्या लोकांनी पाहिलं असतं तर मी मेलो असतो. त्या दिवशी मला कुणीच दिसत नव्हतं.

चाळीस. पुन्हा मोजले. चाळीस. क्रमांक एकेचाळीस नव्हता. यादीवर मात्र टिक होती.

सामानाच्या तक्रारींचं टेबल कोपऱ्यात होतं. तिथल्या अधिकाऱ्याच्या छातीवर राजूरकर असं नाव होतं. त्यांनी माझ्याकडे दमलेल्या चेहऱ्यानं पाहिलं.

"आजोबा, काय होतं त्यात? सोनं?"

"पितळ."

"पितळ? किमतीचं काही नाही ना मग?"

"सोन्यासारखं दिसतं. ज्यानं घेतलं त्याला सोनं वाटलं असेल."

"घरी राहिलं नसेल कशावरून?"

मी यादी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बोट ठेवून म्हणालो, "ही टिक माझ्या हातची आहे. एकतीस वर्षांत माझी टिक चुकलेली नाही."

हे बोलणारा आवाज माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. आसपासची दोन माणसं वळून पाहू लागली.

राजूरकरांनी पास करून हेमलताला बाहेरून आत बोलावलं. ती हार घेऊन आली होती. हार तसाच हातात राहिला. तिनं पेटी पाहिली, यादी पाहिली, आणि म्हणाली, "कोपऱ्याचं फूल. काका, बाबांचं कोपऱ्याचं फूल गेलं."

बाबूराव प्रत्येक चामडी पुस्तकाच्या चारी कोपऱ्यांत तेच फूल उमटवत. आठ पाकळ्यांचं, त्यातली एक पाकळी जराशी तुटकी. बाकी चाळीस ठसे बाजारात कुठंतरी मिळाले असते.

"कुणाचा हात लागला होता सामानाला?" राजूरकरांनी विचारलं.

मी पट्ट्याकडे बोट दाखवलं. तो निळ्या गणवेशातला माणूस अजून तिथंच होता, एका बाईची ढकलगाडी सरळ करून देत होता.

त्याला बोलावलं. नाव सुखदेव निखाडे, सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीतला, कंत्राटदाराचा माणूस. पहारेकऱ्यानं त्याचे खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी, किल्ली, बसचा पास. आणि लाल लाखेचा तुकडा.

"हे काय?"

"लाख आहे जी. खाली पडून होती."

"खिशात कशाला घातलीस?"

तो ओशाळला. "पोरीले दाखवाले. नक्षी होती तिच्यावर. तिले असं काई सापडलं का ते वहीत चिकटवते."

पहारेकरी हसला. "शिक्का फोडला आणि पोरीला वहीत चिकटवायला घेतला! अन् बाकीचं कुठं आहे?"

"बाकीचं काई नाही ना जी. मी फक्त सोडवली. सोडवाले नको होतं का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्हीच सांगा. मी तुमच्या हातात आणून देल्ली. चोरी करनारा माणूस आणून देते का?"

हेमलता एकदम पुढे झाली. "लाज नाही वाटत? माझ्या वडिलांची वस्तू आहे ती. पितळ आहे, विकायला गेलास तर कुणी चहासुद्धा पाजणार नाही. मुकाट्यानं दे."

"ताई, माझ्या पोरीची शपथ."

राजूरकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे पाहा, लेखी द्याल तर पुढं काही होईल. नाही तर जाऊ द्या. माणूस आठ वर्षं आहे इथं. तसा काही डाग नाही त्याच्यावर. विचार करा."

त्यांनी मला विचार करायला सांगितलं होतं, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवलं. आयुष्यभर मी फक्त विचारच केला होता. वाचनालयात लोक पानं फाडून न्यायचे, मला माहीत असायचं कोण ते, आणि मी दुसऱ्या दिवशी त्यांना हसून पुस्तक द्यायचो. समितीच्या बैठकीत हात वर करायचा तर तळव्याला घाम यायचा. त्या दिवशी ठरवलं की आता नाही. बाबूरावांनी माझ्या भरवशावर दिलेली वस्तू आहे. मागे हटायचं नाही.

"कागद द्या," मी म्हणालो.

दीड पान लिहिलं. अक्षर जराही हललं नाही. लाख फुटल्याचं लिहिलं, शिवण किती उसवली ते लिहिलं, 'सदर इसमाच्या खिशात फोडलेल्या शिक्क्याचा तुकडा मिळाला' हे लिहिलं. यादी जोडली. सही केली. सुखदेव भिंतीपाशी उभा राहून माझं लिहिणं बघत होता. मध्येच म्हणाला, "साहेबाचं अक्षर लय सुंदर आहे."

बाहेर पडल्यावर हेमलता म्हणाली, "काका, तुम्हाला असं बोलता येतं? बाबा असते तर त्यांनी मिठी मारली असती." मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं लपवत नाही. चार दिवस तिच्याकडे राहिलो. येईल त्याला ती माझी हकीकत सांगायची आणि मी मान खाली घालून ऐकायचो.

महिन्यानं ते पत्र आलं.

वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मला पाठ आहे.

'साहेबांस नमस्कार. पत्ता तुमच्या तक्रारीवरून घेतला, माफी असावी. मला कंत्राटदारानं घरी बसवलं आहे. दुसरीकडेही घेत नाहीत, विचारतात तिकडून काऊन काढलं. चौकशीत तुमची यादी दाखवली होती. त्यात एकेचाळीस नंबरचं फूल आहे, आठ पाकळ्यांचं, एक पाकळी तुटकी. मग माझं खिशातलं सामान वापस भेटलं. त्यातली लाख मी पोरीच्या वहीत चिकटवाले काढली, तर ती म्हणते, बाबा, एक पाकळी तुटकी आहे. साहेब, ती लाख पाठवत आहे. तुम्ही शिकलेले, तुम्हीच ताडून पाहा. बॅग शिवून झाल्यावर ज्यानं शिक्का मारला, ते बॅगेच्या आत कसं असेल? ते तुमच्या घरीच असेल. मी कोणाले सांगितलं नाही. राजूरकर साहेबाले पण नाही. मी सांगून कोणी ऐकणार नाही, अन् तुमचं नाव उगीच खराब होईल. तुम्ही दोन ओळी लिहा की वस्तू सापडली. चूक माणसाच्याच हातून होते. माझा राग नाही.'

पाकिटातून लाखेचा तुकडा माझ्या तळहातावर पडला. अर्धं फूल. चार पाकळ्या, चौथी तुटकी.

तेव्हा मला बुधवारची सकाळ लख्ख दिसली. बाहेर हॉर्न वाजतोय, लाख निवायला लागली आहे, शिक्का नाही. शाईच्या गादीशेजारी एक ठसा पडलेला आहे. यादीतला शेवटचा. त्याची टिक झाली होती, पण शाई पुसून तो चिंधीत बांधायचा राहिला होता. मी तो उचलला, लाखेवर दाबला, आणि पिशवी घेऊन धावलो. टिक मी उमटवताना केली होती. पेटीत टाकताना नव्हे.

"कुसुम," मी हाक मारली, "मी गेलो त्या दिवशी टेबलावर पितळेचं काही होतं का?"

"होतं की. लाखेनं बरबटलेलं. मेणबत्तीच्या तुकड्यांबरोबर खालच्या खणात टाकलंय. का?"

"काही नाही."

खण उघडला. होतं.

त्या रात्रीपासून मी उत्तर लिहायला घेतलं. एक मसुदा फार लांब झाला, एक फार कोरडा. एकात माफी मागितली आणि वाटलं, एवढ्यानं काय होणार. एकात कंपनीला लिहिलं आणि वाटलं, खोटी तक्रार केली म्हणून मलाच बोलावतील, गावात कळेल, हेमलताला कळेल. आठ दिवस गेले, महिना गेला. मग वाटायला लागलं की आता उशिरा लिहिलं तर इतके दिवस गप्प का होतो, तेही लिहावं लागेल. दर वर्षी उत्तर एकेका वर्षानं अवघड होत गेलं. खण मात्र मी उघडत होतो. ठसा आहे ना, एवढं बघायचो आणि बंद करायचो.

गेल्या सोमवारी हेमलताचं पार्सल आलं. मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली म्हणून तिनं माझ्या टिपणांची वही, जी मी कधीतरी तिला वाचायला दिली होती, तांबड्या चामड्यात बांधून पाठवली होती. कडेनं बारीक वेल, पाठीवर माझं नाव. चारी कोपऱ्यांत सोनेरी रेघेची छोटी चौकट, आणि आत काही नाही. सोबत चिठ्ठी: 'काका, आता माझ्याकडे सहा माणसं कामाला आहेत. नवीन फूल कोरून घ्या असं सगळे म्हणतात. मी कोपरे रिकामेच ठेवते. लोक विचारतात, मग मी त्यांना सांगते की ते एका चोरानं नेलं, आणि आमचे काका त्याच्याशी कसे भांडले.'

मी वही टेबलावर ठेवली. उठलो. खण उघडला.

कुसुम कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आज बंद करणार की उघडाच ठेवणार?"

"काय?"

"खण. अकरा वर्षं ऐकतेय मी त्याचा आवाज. पत्र वहीखाली सापडलं होतं मला तेव्हाच. वाटलं, आज लिहितील, उद्या लिहितील. तुम्हाला मी कधी हाताला धरून लिहायला लावलं नाही, तेच चुकलं माझं."

"आता लिहून काय उपयोग? तो तिथं असेल का, जिवंत असेल का..."

"ते पोस्टमन ठरवेल. पत्ता आहे का?"

"पाठ आहे."

"मग बसा."

बसलो. मसुदा केला नाही. आधी हेमलताला फोन लावला, कारण पत्र टाकून मग तिला सांगितलं असतं तर तीही पळवाटच झाली असती. सांगत गेलो. शेवटापर्यंत सांगितलं. मग ती म्हणाली, "मी त्याला लाज नाही वाटत का म्हणाले होते, काका."

"माझ्यामुळे म्हणालीस."

"तोंड माझं होतं." ती पुढे म्हणाली, "अकरा वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगतेय. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"पत्ता द्या. मी जाते. आत्ता जाते."

"जा. पण चार दिवसांनी जा. आधी माझं पत्र पोचू दे. ते माझं काम आहे, ते तुला करू देणार नाही."

ती रागावली होती, तरी "बरं" म्हणाली.

पत्र एका पानात झालं. मी लिहिलं की ठसा माझ्या घरी होता, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला तो सापडला, आणि त्यानंतर मी गप्प राहिलो ती चूक नव्हती, भित्रेपणा होता. चूक फक्त पहिली. तुमच्या पत्रात राग नव्हता, तो तुम्ही आता केलात तरी मी तो घेईन. दुसऱ्या कागदावर त्यांनी मागितलेल्या दोन ओळी लिहिल्या: वस्तू माझ्याकडेच होती, सुखदेव निखाडे यांनी ती घेतली नाही, माझी तक्रार खोटी ठरली. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. त्याच्या तीन प्रती केल्या. एक विमान कंपनीच्या कार्यालयाला, एक कंत्राटदाराला, एक सुखदेवना, ज्याला दाखवायची त्याला दाखवायला. त्यांचं पाकीट बंद केलं. मेणबत्ती लावली, उरलेली लाख ओतली आणि फूल दाबलं. आठही पाकळ्या आल्या.

मग ठसा पुसला. मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळला, शिवला, वर हेमलताचा पत्ता लिहिला.

पोस्टात खिडकीमागे नवीन मुलगी होती. तिनं पाकिटं घेतली, सुखदेवच्या पाकिटावरची लाख बोटानं चाचपली.

"आजोबा, हे आता कुणी लावत नाही हो. मशिनीत फुटेल. चिकटपट्टी लावते त्यावर."

"लावा. पण फूल दिसलं पाहिजे. त्यांना ते ताडून बघायचं आहे."

तिनं पारदर्शक पट्टी लावली, वजन केलं, पावती दिली. मग कापडाचं छोटं पार्सल उलटसुलट करून पाहिलं.

"याला नाही लावलीत लाख?"

"नाही," मी म्हणालो. "शिक्का आत आहे."

तिनं सगळ्यांवर तारखेचे ठोके मारले आणि सगळं मागच्या पोत्यात टाकलं.